मामांचा वैशाखी मांडव

गेल्या कित्येक वर्षांत नाशकात भर उन्हाळ्यात जेवढी म्हणून लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्या लग्नांचं आमच्या मामांना आमंत्रण होतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते आमंत्रणाशिवाय जाऊन आले, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती अगदी थोडी होईल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्नाला गेल्यावर माणसं नवरी बघतात, नवऱ्याची नोकरी विचारतात, आमरस वाटीत आहे की पिंपात याचा अंदाज घेतात. मामा फक्त फुलं बघतात. एकदा असेच एका लग्नाहून तापलेल्या डोक्यानं आले. बायकोनं पन्हं पुढे केलं आणि सहज विचारलं, "मामा, नवरा कसा होता?" मामा म्हणाले, "निशिगंध. फार चांगला. चार वाजले तरी मान टाकली नाही." बायकोनं पुन्हा विचारलं, "अहो, नवरा मुलगा!" त्यावर मामा बराच वेळ आठवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "होता बहुतेक. निशिगंधाच्या मागं कुणीतरी उभं होतं."

मामांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या शेजारी गेली. त्यामुळे उष्णता या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत आहे आणि फुलांकडेही ते त्याच नजरेनं बघतात. लाल गुलाबाबद्दल ते म्हणतात, "दिसायला देखणा, पण मे महिन्यात दुपारी बाराला ट्रिप होतो, बंदच पडतो." निशिगंध त्यांच्या मते रात्रंदिवस न कुरकुरता चालणारा वीजसंच आहे. झेंडू टिकतो, पण गळ्यात घातला की तापतो, म्हणून झेंडूचा हार खांबाला घालावा, नवरदेवाला घालू नये. मोगरा कळीतच आणावा आणि तो मांडवात उमलावा; उमललेला मोगरा बाजारातून आणणं म्हणजे लग्न झालेली मुलगी पाहायला जाणं. आणि कुणी त्यांच्यासमोर परदेशी ऑर्किडचं नाव काढलं, की मामा चष्मा काढून पुसायला लागतात. तो त्यांचा संताप असतो. "ज्या गावाला बादशहानं गुलशनाबाद म्हटलं," ते म्हणतात, "त्या गावात वैशाखात विमानानं फुलं आणायची! बादशहा परत आला तर त्याला काय तोंड दाखवाल?" बादशहा आमच्याकडे परत येण्याची चिन्हं नव्हती, पण मामांच्या बोलण्यानं दर वेळी मला उगाच ओशाळं वाटे.

माझं स्वतःचं लग्न मे महिन्यातलं आणि फुलं अर्थातच मामांनी निवडलेली. माझ्या फेट्यापासून हारापर्यंत त्यांनी सोनचाफा भरला होता. सोनचाफ्याचा वास ज्यांना आवडतो ते भाग्यवान. मला तो दोन फुलांपर्यंत आवडतो, त्यापुढे शिंका येतात. अंतरपाट दूर झाल्यापासून मी जो शिंकत सुटलो तो सप्तपदीपर्यंत. 'नातिचरामि' म्हणायची वेळ आली तेव्हाही मी शिंकलोच. भटजींनी क्षणभर विचार करून ते ग्राह्य धरलं. आमच्या अल्बमात एकाही फोटोत माझे डोळे उघडे नाहीत. मामा मात्र तो अल्बम आजही पाहुण्यांना दाखवतात आणि सांगतात, "बघा, जावई पार कोमेजलाय, पण चाफा पाहा!"

मामी होत्या तोवर मामांना थोडा तरी लगाम होता. त्या गेल्या आणि मामा नाशिकरोडला आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले. मग त्यांनी जे प्रयोग सुरू केले, त्यांना तोड नाही. कुणाच्याही लग्नाचा हार ठरला, की तसाच एक हार मामा आधी करून घ्यायचे, तो स्वतःच्या गळ्यात घालायचे आणि भर दुपारी घराजवळच्या बस थांब्यावर जाऊन उभे राहायचे. नवऱ्याला जेवढा वेळ हार घालून उभं राहावं लागतं तेवढा वेळ हारानं तग धरला तर तो पास. थांबाच का, तर तिथं झाड नाही आणि डांबर तापलेलं असतं, म्हणजे 'लोड पूर्ण मिळतो.' पांढरा शर्ट, पांढरे केस, चेहऱ्यावर गंभीर भाव आणि गळ्यात गुडघ्यापर्यंतचा हार. बसमधून उतरणाऱ्या लोकांना वाटायचं, निवडणूक लागली. दोघातिघांनी नमस्कार केला, एका तरुणानं सोबत फोटो काढून घेतला आणि एक बाई तर घामाघूम होऊन जवळ आली नि म्हणाली, "साहेब, आमच्या गल्लीला आठ दिवस झाले पाणी नाय. मतं मागायला येता, मग इकडं फिरकत नाय." मामांचं सगळं लक्ष हारातल्या तिसऱ्या गुलाबाकडे होतं. तो मान टाकायच्या बेतात होता. ते तंद्रीतच म्हणाले, "पाणी मारावंच लागेल." योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी त्या गल्लीला पाणी आलं. पुढे कितीतरी दिवस त्या भागातून जाताना मामांना चहा फुकट मिळे, आणि तो कशाबद्दल हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या खिशात कायम एक छोटा फवारा असे. तोच, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तो. लग्नाच्या स्टेजवर आशीर्वाद द्यायला गेले, की वधूवरांच्या डोक्यावर अक्षता आणि गुच्छांवर पाणी असा त्यांचा क्रम. एकदा एका लॉन्सवर गुच्छावर मारलेला फवारा चुकून नवऱ्याच्या जाडजूड काकांच्या तोंडावर गेला. काकांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "अजून एकदा मारा हो." पाहता पाहता मामांपुढे रांग लागली. त्या लग्नात आहेराच्या रांगेपेक्षा फवाऱ्याची रांग मोठी होती.

अशा मामांच्या लाडक्या नातीचं, म्हणजे आमच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर नाशिक जिल्ह्यातल्याच नामपूरचं. कांद्याचं बियाणं करणारं मोठं शेतकरी कुटुंब. सासरे अबोल आणि सगळा कारभार विहीणबाईंच्या हातात. तारीख निघाली मे महिन्याच्या मध्यावरची, मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा. मुहूर्त ऐकून मी कपाळाला हात लावला आणि मामांचे डोळे लकाकले. मोठ्या वैद्याला अवघड रोगी मिळाल्यावर होतो तसा आनंद त्यांना झाला होता.

बोलणी करायला विहीणबाई आमच्याकडे आल्या. ठसठशीत कुंकू, आवाज बांधावरून बांधावर पोचेल असा, आणि बोलण्यात 'आहे'च्या जागी अधूनमधून गावाकडचं 'शे'. देणंघेणं काही नको, म्हणाल्या. जेवणही तुमच्या मनासारखं करा. "माझी एकच हौस शे," असं म्हणून त्यांनी मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. थंड प्रदेशातल्या कुठल्याशा लग्नात खांबाखांबाला निळ्या फुलांचे फ्लॉवरएवढाले गड्डे लावले होते. "मांडव असा निळा पाहिजे. आमच्या नामपुरात अजून कोणी केला नाही."

मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"विहीणबाई," मामा म्हणाले, "ही फुलं वैशाखात मांडवात ठेवायची, तर प्रत्येकीला सलाइन लावावं लागेल."

"मग एसी लावू."

"फुलांना एसी आणि पाहुण्यांना पंखा?"

"पाहुणे आमचे शेतातले. त्यांना ऊन नवं नही."

"आणि फुलांना तुमचं ऊन जुनं आहे का?"

"मामा," विहीणबाई पदर खोचत म्हणाल्या, "लग्न माझ्या पोराचं शे."

"आणि मे महिना सगळ्यांचा आहे," मामा म्हणाले.

यानंतर जे झालं त्याला बोलणी म्हणता येणार नाही. विहीणबाई चहा अर्धा टाकून उठल्या. मामा फवारा खिशात कोंबून जिन्यानं उतरले. दोन्ही घरांत आठवडाभर शांतता पसरली; फोन यायचे ते फक्त मुक्ताला, आणि ती ते गच्चीवर जाऊन घ्यायची. एके दिवशी ती खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. जावईबापू म्हणे तिला म्हणाले होते, की आई ऐकत नाही, तू तरी ऐक. आणि मुक्ताला आजोबांना नाही म्हणणं जमत नव्हतं. लहानपणी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला ज्या माणसानं केकऐवजी फुलांची परडी आणली होती, त्याला कसं सांगायचं, की माझ्या लग्नात तुमची फुलं नकोत? बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी करा." मी काहीतरी करणार म्हणजे काय करणार! मी दोन्हीकडे हो म्हणून आलो, आणि त्यामुळे गोंधळ वाढला.

शेवटी निकाल मुक्तानंच दिला. ती मामांच्या घरी गेली, त्यांच्यासमोरच सासूबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणाली, "दुपारचा लग्नाचा मांडव आजोबांचा. संध्याकाळच्या स्वागत समारंभाचं स्टेज आईंचं, निळंशार. यावर जो कुणी बोलेल, त्याला लग्नाला बोलावणार नाही." दोन्ही बाजूंनी कुणीही बोललं नाही. मला वाटतं, त्याच क्षणी तिनं सासर जिंकलं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच मामा टेम्पो घेऊन लॉन्सवर हजर झाले. त्यांनी काय आणलं होतं ते पाहून मीही थक्क झालो. एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या ओळखीच्या झाडांवरून बहाव्याचे पिवळे घोस, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदार मित्राच्या बांधावरून ताम्हणाची जांभळ्या तुऱ्यांची फांदी अन् फांदी, आणि शिरीषाची ती हिरवट, रेशमी, फुंकरीनं उडतील अशी फुलं. प्रत्येक खांबाला पाण्यानं भरलेली घागर, घागरीत फांद्या, बाहेरून ओल्या गोणपाटाचं वेष्टन. वधूवरांसाठी मोगऱ्याचे हार. सोनचाफा फक्त माझ्या खिशाला, "आठवण म्हणून." अकराच्या सुमाराला मांडवात शिरणारे लोक उन्हानं मिटलेले डोळे उघडायचे आणि उघडेच ठेवायचे. वरून बहावा असा लोंबत होता की जणू सगळं ऊन गाळूनच आत येत होतं. विहीणबाईंनी वर बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं. मामांनी ते टिपलं आणि फवारा हवेतच एकदा मारला.

नवरदेव बोहल्यावर चढला, मुक्ता आली, अंतरपाट धरला गेला, आणि भटजी पहिल्या मंगलाष्टकासाठी घसा साफ करतायत तोच एक मधमाशी त्यांच्या नाकासमोरून गेली. मग दुसरी. मग एवढ्या की मोजायचा प्रश्नच उरला नाही. ताम्हणावर, शिरीषावर, ओल्या गोणपाटांवर, घागरींच्या काठांवर माश्याच माश्या. मांडव गुणगुणायला लागला. फोटोग्राफर तिपाई सोडून पळाला. बँडवाल्यांतला मोठा ढोलवाला ढोलाच्या आड बसला. एक आजोबा टॉवेल फिरवायला लागले, बायकांनी पदर डोक्यावरून ओढले, मागच्या खुर्च्या कोसळल्या. मी मामांना शोधलं. ते एका खांबाला टेकून उभे होते. इतका पांढरा पडलेला चेहरा मी मामी गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांच्या ओठांची हालचाल मला लांबूनही कळली. "पोरीच्या लग्नाचं वाटोळं केलं मी," असं ते स्वतःशीच म्हणत होते.

आणि तेवढ्यात तो बांधावरून बांधावर पोचणारा आवाज घुमला. "कोनी हालू नका!"

विहीणबाई बोहल्यासमोर उभ्या होत्या. "माशी शे ती, वाघ नई शे! ओ बाबा, तो टॉवेल खाली ठेवा. बँड बंद. पंखे बंद. खाली बसा, हळू. ती पाण्याला आलीय, फुलाला आलीय, तुमच्याकडे तिचं काही काम नाही." मग भटजींकडे वळून, "तुम्ही म्हणा मंगलाष्टकं. पण ओरडू नका."

सारा मांडव बसला. असं लग्न मी आजवर पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहीन असं वाटत नाही. भटजी अगदी हलक्या आवाजात, बाळाला झोपवावं तशी मंगलाष्टकं म्हणत होते. माईक बंद होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द पोचत होता, कारण दुसरा आवाज फक्त माश्यांचा. 'सावधान' कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आणि सगळे खरोखरच सावधान होते. अक्षता फेकायच्या नव्हत्या. माणसं एकेक करून उठली, सावकाश पुढे गेली आणि दोघांच्या डोक्यावर अलगद अक्षता ठेवून परत आली. एरवी अक्षता कुणाच्याही टकलावर पडतात. त्या दिवशी प्रत्येकानं आधी त्या दोघांचे चेहरे नीट पाहिले. माझी पाळी आली तेव्हा खिशातला सोनचाफा आपल्या कामाला लागला. शिंक नाकाच्या टोकापर्यंत आली. शिंकलो तर माश्या उठतील, या भीतीनं मी ती जी दाबून धरली, त्यानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लोक हळहळले, 'मुलीचा बाप फार हळवा आहे हो.' मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाण्यातलं शिंकेचं किती आणि तिचं किती, हे मला सांगता आलं नसतं.

सबंध लग्नात माशी चावली ती एकाच माणसाला, तीही नाकावर, आणि तो माणूस मी. हार घालून झाल्यावर आनंदानं टाळी वाजवली, एवढाच माझा गुन्हा.

लग्न लागलं, माणसं जेवायला सरकली. मामा खांबापासून हलले नव्हते. विहीणबाई त्यांच्याकडे निघाल्या तसा मी नाकाला चुना लावून मागोमाग गेलो, म्हटलं, भांडण झालंच तर मध्ये पडायला कुणीतरी हवं.

"मामा," विहीणबाई म्हणाल्या, "एवढी माशी तुम्ही आणली कुठून?"

"मी नाही आणली हो," मामा कसेबसे म्हणाले. "चुकलं माझं."

"चुकलं काय! या साली आमच्या बियाण्याच्या कांद्याला फुलांचे गोंडे असे आले होते, पण माशी फिरकली नाही. माशी बसली नाही तर बी भरत नाही. माशीच्या पेट्या आणून ठेवल्या, तरी पुरेशी आली नाही. मी तिच्यासाठी डोळे लावून बसले होते बांधावर. आणि आज माझ्या पोराच्या लग्नात ती आपल्या पायानं आली." त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता. "ही जांभळी कसली झाडं हो? आमच्या बांधावर जगतील?"

मामांनी चष्मा काढला. पण या वेळी पुसला तो खरोखरच ओला झाला होता म्हणून.

संध्याकाळी निळी फुलं आली. बर्फाच्या पेट्यांतून, कापसात गुंडाळून, आणि मला कबूल केलं पाहिजे की ती अप्रतिम दिसत होती. एकही मेली नव्हती. मामा गुपचूप स्टेजच्या मागे गेलेले मी पाहिले. म्हटलं, आता हे एखाद्या फुलाची मान मुरगाळतात की काय. जाऊन बघतो तर मामा एकेका निळ्या गड्ड्यावर प्रेमानं पाणी मारत होते. मला पाहून चमकले. मग म्हणाले, "काय करणार, जावईबापू. कुठल्या थंड गावची आहेत, कुठं येऊन पडलीत. पाहुणी आहेत. पाहुण्यांना पाणी विचारायला नको?"

मुक्ता पुण्याला गेली. पाऊस स्थिरावल्यावर मामा ताम्हणाची आणि शिरीषाची रोपं घेऊन नामपूरला गेले ते दोन दिवसांसाठी म्हणून. राहिले महिना. विहीणबाई आणि ते रोज बांधावरून भांडत, खड्डा कुठे घ्यायचा यावर, पाणी किती घालायचं यावर. आणि भांडून झालं की एकत्र चहा पीत. आता ते वरचेवर तिकडेच असतात. शेजारच्या इमारतीतली त्यांची खिडकी बंद असते आणि उन्हाळ्यात लग्नाचा हार घ्यायला गेलो की मी दुकानात उगाच रेंगाळतो. हा टिकेल का, हे विचारायला कुणी नसतं.

मध्यंतरी मी नामपूरला गेलो होतो. ऊन उतरायच्या वेळी मामा मला बांधावर घेऊन गेले. माझ्या कमरेलाही लागत नाहीत अशा काटकुळ्या रोपांची ओळ त्यांनी दाखवली. ताम्हणाच्या एका रोपापाशी थांबले आणि म्हणाले, "हे मुक्ताच्या मुलीचं. तिच्या लग्नाला याचीच फुलं घ्यायची. बहाव्यात मिसळू नका, एकटंच शोभतं."

"मामा, मुक्ताला अजून मूल नाही."

"होईल की. घाई काय आहे? झाडालाही वेळ लागतो."

"मग तेव्हा तुम्हीच सांगा की तिला."

मामांनी वाकून रोपाभोवतीची माती हातानं दाबली, सारखी केली आणि गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. "तेव्हा सांगता येणार नाही," ते म्हणाले, "म्हणून तर आत्ता सांगतोय. नीट लक्षात ठेवा. फांदी सूर्य उगवायच्या आत तोडायची."

मी म्हटलं, "सूर्य उगवायच्या आत."

"आणि घागर पितळेची."

"घागर पितळेची," मी म्हटलं.